पुलांचे आरोग्य : नोंद, निदान आणि निर्णय

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखी पाठ)



शंभर वर्षे टिकलेल्या संस्थेच्या उत्सवात टिकण्याचाच विचार व्हावा, हे समयोचित आहे. आजचा विषय पुलांच्या टिकण्याचा आहे. तो अभियंत्यांचा म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. पुलावरून जाणारा प्रत्येक माणूस त्या पुलावर आपला जीव ठेवून जात असतो आणि तो त्या क्षणी याचा विचारही करीत नाही. हा निर्धास्तपणा टिकवायचा कसा, एवढाच या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पणजीहून रायबंदरकडे जाणारा रस्ता ज्या सेतूवरून जातो, तो लिन्यारिशचा काउंट या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत, इ. स. १६३३-३४ च्या सुमारास बांधला गेला. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, जांभ्या दगडाचा हा सेतू जवळजवळ चार शतके भरती-ओहोटी आणि पावसाळे सोशीत उभा आहे. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर मांडवी नदीवर काँक्रीटचा पूल झाला. तो १९७० मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पणजी आणि बारदेश यांच्यामधील दुवा एका दिवसात तुटला. १९९२ मध्ये नवा पूल तयार होईपर्यंत लोकांना पुन्हा फेरीबोटींच्या रांगांत उभे राहावे लागले. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांना त्या रांगांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

दगडाचा सेतू चारशे वर्षे टिकतो आणि काँक्रीटच्या पुलाला सतरा वर्षेही मिळत नाहीत, यावरून जुने ते सोने असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो बरोबर नाही. दगडी कमानीचा गाळा लहान असतो. ज्या नदीतून खनिजाने भरलेल्या बार्जी ये-जा करतात, तिच्यावर लांब गाळ्यांचा आणि उंच पूलच लागतो; तो पोलादावाचून होत नाही. दगडी सेतूत गंजण्यासारखे काही नाही आणि नव्या पुलाचे सारे बळ गंजणाऱ्या धातूत आहे, हा खरा फरक होय. शिवाय तो धातू काँक्रीटच्या आत, नजरेआड असतो. पुलांच्या आयुर्मानाचा सारा प्रश्न या नजरेआडच्या जागेत सामावलेला आहे.

त्या आतल्या जागेत काय घडते, ते थोडक्यात पाहू जाता असे दिसते. ताजे काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते. त्यामुळे आतील पोलादी सळयांवर एक अत्यंत पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. परंतु काँक्रीट दिसते तितके भरीव नसते. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खाऱ्या हवेतील आणि पाण्यातील क्लोराइड हळूहळू आत शिरते. ते सळईपर्यंत पोहोचले की संरक्षक थर जागोजाग तुटतो आणि गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडू लागतो. तडा बाहेर दिसतो तोवर आतील रोग जुना झालेला असतो.

मांडवीच्या पुलासारख्या पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या पुलांत हा धोका अधिक असतो. अशा पुलांत अतिशय कणखर तारांच्या जुड्या ताणून बसवलेल्या असतात आणि त्या ताणाच्या जोरावरच काँक्रीट आवळलेले राहते. साधी सळई गंजली तर ती सावकाश झिजते. ताणलेल्या तारेवर मात्र थोडा गंजही घातक ठरतो. ती फारशी पूर्वसूचना न देता तुटते. मांडवीच्या पुलाच्या कोसळण्याच्या मुळाशी तारांचा गंज होता. झुआरीवरील आगशी-कुठ्ठाळी पूल १९८३ मध्ये सुरू झाला आणि त्यावर अनेक वर्षे अवजड वाहनांना मज्जाव करावा लागला. मांडवीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे तेथे सावधगिरी लवकर आली, असे म्हणता येईल.

पुलांची तपासणी पूर्वीपासून होत आली आहे. अनुभवी तपासनीस पुलाखाली उतरतो, तडे पाहतो, हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, सांधे आणि आधारांवरील बेअरिंग न्याहाळतो. हातोडीच्या ठोक्याला पोकळ आवाज आला की आतील थर सुटला आहे, हे त्याला कळते. ही विद्या खरी आहे आणि ती आजही लागते. पण तिला मर्यादा आहेत, आणि एका अपघाताने त्या जगापुढे मांडल्या. अमेरिकेत ओहायो नदीवर १९२८ मध्ये बांधलेला सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी, नाताळाच्या खरेदीच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसे मरण पावली. हा पूल डोळे असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला होता. त्यांपैकी एका पट्टीच्या डोळ्यात सुमारे अडीच मिलिमीटर खोलीची चीर होती. ती जोडाच्या आत असल्याने पट्टी सुटी केल्याखेरीज कोणत्याही तपासनीसाला दिसली नसती. या अपघातानंतर अमेरिकेत १९७१ मध्ये पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय निकष ठरले आणि साधारणपणे दर दोन वर्षांनी तपासणी बंधनकारक झाली. नियम आला, पण एक प्रश्न तसाच राहिला. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या जागी, कोणी लक्ष ठेवायचे?

या प्रश्नाला गेल्या काही दशकांनी दिलेले उत्तर म्हणजे संवेदक आणि संगणक. पुलाच्या अंगावर आणि अंगात लहान लहान उपकरणे बसवली जातात. एखादे उपकरण भार आला असता तुळई किती ताणली गेली, हे केसाच्या जाडीहून सूक्ष्म मापाने सांगते. दुसरे खांबाचा कल मोजते, तिसरे कंपने टिपते. काचेच्या तंतूतून प्रकाश पाठवून, तंतू ताणला जाताच प्रकाशात होणारा फरक वाचणारी उपकरणेही आहेत. तार तुटताना होणारा सूक्ष्म आवाज पकडणारे कान आहेत आणि पाण्याखाली खांबाच्या पायथ्याची माती किती वाहून गेली, हे ध्वनिलहरींनी पाहणारी यंत्रे आहेत. अमेरिकेत मिनिआपोलिस येथे १ ऑगस्ट २००७ रोजी महामार्गाचा पूल पडून १३ माणसे मरण पावली. त्याच्या जागी पुढल्याच वर्षी उभ्या राहिलेल्या पुलात बांधतानाच तीनशेहून अधिक संवेदक बसवण्यात आले.

कंपनांवरून पुलाची प्रकृती कशी कळते, हे गाण्याची आवड असणाऱ्यांना सहज उमगेल. तंबोऱ्याची तार ढिली झाली की तिचा स्वर उतरतो. पुलाची टांगती तारही अशीच. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून कंपनसंख्या पाच टक्क्यांनी घटली, तर ताण सुमारे दहा टक्क्यांनी घटला असे समजावे. मात्र येथे घाई करून चालत नाही. ऊन तापले की पूल प्रसरण पावतो, रात्री आक्रसतो, पावसाळ्यात ओलाव्याने जड होतो, आणि या प्रत्येक बदलाबरोबर त्याचा स्वर थोडा हलतो. म्हणून निदान एक संपूर्ण वर्ष, सर्व ऋतूंत, निरोगी पुलाचा स्वर टिपून ठेवावा लागतो. त्यानंतरच कोणता बदल ऋतूचा आणि कोणता रोगाचा, हे सांगता येते. नोंद नसेल तर निदान नाही, हा या शास्त्राचा पहिला पाठ आहे.

दुसरा पाठ भाकिताचा. देखभालीच्या तीन रीती आहेत. मोडल्यावर दुरुस्त करणे ही पहिली. ठरावीक वर्षांनी, गरज असो वा नसो, दुरुस्ती करणे ही दुसरी. आणि नोंदींवरून पुढील झीज ताडून योग्य वेळी हात घालणे ही तिसरी. एक कल्पित हिशेब मांडू म्हटले तर असा मांडता येईल. समजा, सळईवर काँक्रीटचे ५० मिलिमीटर आवरण आहे, आणि दहा वर्षांनी घेतलेल्या नमुन्यात क्लोराइडची घातक पातळी २० मिलिमीटरपर्यंत पोहोचलेली आढळली. ही वाटचाल सर्वसाधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. म्हणजे ४० मिलिमीटरला चाळीस वर्षे आणि सळईपर्यंत पोहोचण्यास सुमारे बासष्ट वर्षे लागतील. दुसऱ्या एखाद्या पुलात तेच क्लोराइड दहा वर्षांत ३५ मिलिमीटर गेले असेल, तर त्या पुलाला जेमतेम वीस वर्षांचा अवधी आहे. दोन्ही पूल बाहेरून सारखेच दिसतील. एकावर आज संरक्षक लेप दिला तर थोडक्या खर्चात त्याचे आयुष्य वाढते. तोच पैसा दुसऱ्यावर आज घालणे निकडीचे नाही. कोणत्या पुलाकडे आधी जायचे, हे ठरवणे म्हणजेच आयुष्य वाढवणे होय. आता संगणकात पुलाचे एक प्रतिरूप उभे करून, संवेदकांची मापे त्याला सतत पुरवून, हाच हिशेब अधिक बारकाईने केला जातो.

याचे फळ मिळाल्याचे एक उत्तम उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. फर्थ ऑफ फोर्थवरील झुलता रस्तापूल १९६४ मध्ये खुला झाला. त्याच्या प्रत्येक मुख्य दोरात अकरा हजारांहून अधिक तारा आहेत. चाळीस वर्षांनी, २००४ मध्ये, दोर उघडून आत पाहिले तेव्हा गंज आणि तुटलेल्या तारा आढळल्या. दोरांचे सुमारे ८ ते १० टक्के बळ कमी झाल्याचा अंदाज निघाला. झीज त्याच वेगाने चालू राहिली असती तर काही वर्षांत अवजड वाहने बंद करावी लागली असती. तेथील अभियंत्यांनी दोन गोष्टी केल्या. तार तुटल्याचा आवाज टिपणारी यंत्रे दोरांवर बसवली, आणि दोरांच्या आत कोरडी हवा फिरवण्याची व्यवस्था केली. कारण हवेतील आर्द्रता पुरेशी उतरली की गंज थांबतो. पुढील तपासण्यांत झीज मंदावल्याचे दिसून आले. शेजारी २०१७ मध्ये नवा पूल झाला, तरी जुना टाकून द्यावा लागला नाही.

पण याच पुलाने यंत्रांची मर्यादाही दाखवली. डिसेंबर २०१५ मध्ये मनोऱ्याजवळच्या एका पोलादी दुव्याला मोठा तडा गेल्याचे आढळले आणि पूल काही आठवडे बंद ठेवावा लागला. तेथील खिळ फिरेनासा झाला होता, म्हणून दुव्यावर नको तो ताण आला होता. कान मुख्य दोरांना लावलेले होते; दुखणे दुसरीकडे निघाले. यंत्र जेथे बसवावे तेथलेच ऐकते. कोठे बसवावे, हे पूल समजून घेतलेला माणूसच सांगू शकतो. तडा माणसाच्या तपासणीत सापडला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यानंतर तेथेही संवेदक बसवण्यात आले.

याहून कठोर धडा इटलीतील जिनोव्हा शहराचा आहे. रिकार्दो मोरांदी या नामवंत अभियंत्याने बांधलेला पोल्चेव्हेरा खोऱ्यावरील पूल १९६७ मध्ये खुला झाला. त्याच्या टांगत्या तारा काँक्रीटमध्ये गाडलेल्या होत्या. म्हणजे येथेही बळ नजरेआडच होते. समुद्राची खारी हवा आणि कारखान्यांचा धूर यांचा या पुलावर होणारा परिणाम खुद्द मोरांदी यांनी १९७९ मध्ये एका निबंधातून मांडला होता. १९९० च्या दशकात तीनपैकी एका मनोऱ्याच्या तारांना नव्या तारांची जोड देण्यात आली. २०१७ मध्ये मिलानच्या तंत्रविद्यापीठातील तज्ज्ञांनी कंपने मोजली, तेव्हा नवव्या क्रमांकाच्या मनोऱ्याच्या तारा अपेक्षेप्रमाणे डोलत नाहीत असे आढळले. पुढील अभ्यासाची आणि कायमच्या निरीक्षणाची शिफारस झाली. मजबुतीकरणाचा आराखडाही तयार झाला. काम सुरू होण्यापूर्वी, १४ ऑगस्ट २०१८ रोजी, भर पावसात तोच नववा मनोरा कोसळला आणि ४३ माणसे गेली.

येथे यंत्र चुकले नव्हते. स्वर उतरल्याचे कळले होते. नोंद झाली, निदानाची सुरुवात झाली. निर्णय मात्र काळाच्या मागे पडला. संवेदकांच्या संख्येने दिपून जाणाऱ्या प्रत्येकाने जिनोव्हाची ही हकीकत लक्षात ठेवावी.

मुंबई-गोवा मार्गाने प्रवास करणाऱ्यांना महाडजवळची सावित्री नदी परिचित आहे. तिच्यावरील ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. एस.टी.च्या दोन बसगाड्या आणि काही लहान वाहने अंधारात नदीत गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती, असे शासनाकडून सांगण्यात आले. कोरड्या उन्हाळ्यात वरून केलेल्या पाहणीत पायथ्याखालची माती कशी दिसणार? नदीच्या पुरात पुलाचा घात बहुधा तळाशी होतो, आणि पूर चढलेला असताना तेथे कोणी उतरू शकत नाही. अशा ठिकाणी पाण्याची पातळी सांगणारे साधे उपकरण आणि रस्ता अडवणारा फाटक, एवढी व्यवस्थाही अनेक जीव वाचवू शकते. कोकण रेल्वेने ही वाट चोखाळली आहे. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरील तिच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. पानवलचा उंच पूल, मांडवी, झुआरी आणि शरावती येथे वाऱ्याचा वेग मोजला जातो. या व्यवस्थेचे मोल एवढ्यासाठी की, सूचना आल्यावर गाडी सावकाश न्यायची की थांबवायची, हे आधीच ठरलेले असते. रात्री दोन वाजता कोणाची परवानगी मागत बसावे लागत नाही.

देशात राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची गणना आणि प्रतवारी करण्यासाठी २०१६ मध्ये भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू झाली आणि मोऱ्या धरून दीड लाखाहून अधिक बांधकामे तिच्यात नोंदली गेली. हे काम मोठे आहे. परंतु राज्यमार्गांवर आणि जिल्हामार्गांवर असंख्य पूल आहेत. ९ जुलै २०२५ रोजी वडोदरा जिल्ह्यात मही नदीवरील गंभीरा पूल तुटला आणि वीसहून अधिक माणसे मरण पावली. तो पूल अवघा चाळीस वर्षांचा होता. अशा पुलांपैकी प्रत्येकावर शेकडो संवेदक बसवणे परवडणारे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. बहुतेकांना नियमित तपासणी, पाणी वाहून जाण्याच्या मोकळ्या वाटा, स्वच्छ सांधे आणि वाहनांच्या वजनावर खरे नियंत्रण पुरे होते. जे पूल लांब आहेत, ज्यांच्या तारा गाडलेल्या आहेत, जे खाऱ्या पाण्यावर आहेत किंवा ज्यांची प्रकृती शंकास्पद ठरली आहे, त्यांना यंत्रांची जागल हवी. संवेदकाचे स्वतःचे आयुष्य पुलापेक्षा पुष्कळ कमी असते, हेही विसरता येत नाही. उद्घाटनाला बसवलेले यंत्र दहा वर्षांनी बंद पडले आणि कोणाला कळले नाही, तर ते नसण्यापेक्षा वाईट. कारण त्याच्या भरवशावर माणसे डोळे मिटून बसलेली असतात.

या साऱ्या विवेचनातून निघणारे सूत्र साधे आहे. पुलाचे आयुष्य तीन गोष्टींवर वाढते : अखंड नोंद, जाणकार निदान आणि वेळीच घेतलेला निर्णय. पहिल्या दोहोंत यंत्रे फार मोठे साहाय्य करतात. तिसरे काम त्यांना सोपवता येत नाही. कोणते माप कोठवर गेले म्हणजे वजनाची मर्यादा घालायची, कोठवर गेले म्हणजे पूल बंद करायचा आणि तो अधिकार कोणाचा, हे पूल निरोगी असतानाच कागदावर लिहिलेले असावे. संकटाच्या घटकेला लोकांचा खोळंबा, बाजाराचे नुकसान आणि टीकेचे भय ही सारी पूल चालू ठेवण्याच्या बाजूने बोलू लागतात. पुलाच्या बाजूने बोलायला तेवढा एक कागद असतो.

नोंदीचे महत्त्व ग्रंथालयाच्या सभासदांना पटवून देण्याची आवश्यकता नाही. दाखल झालेल्या प्रत्येक ग्रंथाची नोंद ठेवणारी, कसर आणि वाळवी लागण्याआधी कपाटे उघडून पाहणारी आणि एका पिढीची वही दुसरीच्या हाती देणारी माणसे असली, म्हणजेच ग्रंथालय शंभर वर्षांचे होते. पुलाचे मूळ नकाशे, बांधताना वापरलेल्या काँक्रीटची माहिती, दुरुस्त्यांचा इतिहास आणि आता संवेदकांची मापे, ही त्या पुलाची वही होय. खाते बदलले, अधिकारी बदलले, संगणक जुने झाले, तरी ती वही हरवता कामा नये. नागरिकांनीही तिची विचारपूस केली पाहिजे. नव्या पुलाच्या उद्घाटनाला गर्दी करणाऱ्या समाजाने जुन्या पुलाच्या तपासणीचा अहवाल मागण्याची सवय लावून घेतली, तर ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ देखभाल ठरेल.

मांडवीवर आज एकाहून अधिक पूल उभे आहेत. २०१९ मध्ये त्यांत तारांवर तोललेल्या अटल सेतूची भर पडली. झुआरीवरही २०२२ च्या डिसेंबरात तसाच नवा पूल खुला झाला. हे पूल आता तरुण आहेत. त्यांचा निरोगी स्वर टिपून ठेवण्याचा काळ हाच आहे.